कालच्या बिछान्यापासून

माग काढणाऱ्या ट्रॅकरनं पानं बाजूला सारली आणि आम्हाला हातानंच जवळ बोलावलं. उतारावर झुडपांच्या फांद्या आत वाकवून केलेलं मोठ्या टोपलीसारखं काहीतरी होतं. मधोमध दबलेलं, कडेला लीद. लीद हा शब्द मला आपोआप सुचला, कारण ती हुबेहूब घोड्याच्या लिदीसारखी दिसत होती. त्यानं काठीच्या टोकानं पानांत अडकलेला एक केस उचलला. राखाडी-पांढरा. "हा मोठ्या गोरिलाचा बिछाना," तो म्हणाला. दहा पावलांवर दुसरा बिछाना, मग खाली ओहोळाकडे तिसरा. आम्ही अकरा मोजले. एकात मोठ्या लिदीशेजारी बोराएवढ्या बारीक लेंड्या होत्या. तिथं आई आपल्या पिल्लाला घेऊन झोपली होती.

युगांडाच्या नैर्ऋत्य टोकाला ब्विंडीचं जंगल आहे. आम्ही रुहिजाच्या बाजूनं आत शिरलो होतो. उंची दोन हजार मीटरच्या वर, सकाळी सातलाही बोटं गारठलेली. मी आले होते गोरिला बघायला. पण आज त्या दिवसाबद्दल लिहायला बसले, तर आधी आठवतात ते हे अकरा रिकामे बिछाने.

गोरिला रोज संध्याकाळी नवा बिछाना करतो. चार-पाच मिनिटांत भोवतालच्या फांद्या आणि वेल अंगाखाली वाकवतो, की झाली झोपायची सोय. सकाळी उठून तो जातो तो त्या बिछान्याला विसरूनच. दूध सुटलेलं प्रत्येक पोर स्वतःचा बिछाना स्वतः करतं. म्हणून बिछाने मोजले की कुटुंब मोजलं जातं. डोंगरी गोरिलांची गणनाही प्रामुख्यानं अशीच होते. माणसं आठवडेच्या आठवडे जंगल पिंजतात, बिछाने मोजतात, लिदीचे नमुने कुप्यांत भरून आणतात, आणि त्यातल्या जनुकांवरून कोण कोण ते ठरतं. युगांडा, रवांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगाच्या ज्वालामुखी डोंगरांवर २०१५-१६ मध्ये ६०४ गोरिला मोजले गेले. ब्विंडी आणि त्याला लागून लोकशाही प्रजासत्ताक काँगोत असलेल्या सारम्ब्वेच्या जंगलात २०१८ च्या गणनेत ४५९. बेरीज १,०६३. डोंगरी गोरिला जगात या दोनच ठिकाणी आहेत, आणि प्राणिसंग्रहालयात एकही नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात जेमतेम अडीचशे उरले होते, हे लक्षात ठेवलं तर ही बेरीज किती मोठी आहे ते कळतं.

जंगलात जनावर कसं बघायचं हे मी शिकले मेळघाटात, बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेत. मचाणावर बसायचं, हलायचं नाही, आणि चांदण्यात कोण पाण्यावर येतं ते लिहून ठेवायचं. माझ्या सोबत एक वयस्क कोरकू वनमजूर असत. दिवस उजाडला की ते मला खाली उतरवून पाणवठ्याकाठची माती दाखवायचे. अस्वल कुठून आलं, कुठं थबकलं, सांबर का बिचकून मागं फिरलं. "रात्री तुम्ही पाहिलं ते अर्धं," ते म्हणायचे, "उरलेलं इथं लिहिलंय." ब्विंडीत त्या बिछान्यांपाशी उभी असताना मला त्यांचीच आठवण झाली.

डोंगरातला माग काढायचा म्हणजे पहिला नियम एकच: सुरुवात कालपासून करायची. काल दुपारी कुटुंब जिथं शेवटचं दिसलं, तिथं ट्रॅकर पहाटेच पोचलेले असतात. तिथून कालच्या संध्याकाळच्या बिछान्यांपर्यंत, आणि बिछान्यांपासून आजच्या सकाळपर्यंत. डोंगरी गोरिला फार लांब जात नाहीत, दिवसाला किलोमीटरभर, कधी त्याहून कमी. त्यांचं अन्न म्हणजे पाला, देठ, कोंब, साली. ते पायाखालीच असतं. मोठा नर दिवसाला अठरा-वीस किलो हिरवं खातो. तेव्हा तो जिथून गेला तिथं वाट पडतेच. मोडलेले देठ, सोलून टाकलेल्या साली, एका बाजूला झोपलेलं गवत. देठाची मोड अजून ओली, पांढरी असेल तर तासाभरापूर्वीची. तपकिरी पडली असेल तर सकाळची. पानांच्या पाठी उलट्या होऊन चमकत असतील, तर ज्या दिशेला त्या वळल्यात त्या दिशेला जायचं. मऊ मातीत एका ओळीत चार खळगे दिसतात. हे गोरिलाच्या दुमडलेल्या बोटांचे सांधे. तळहात टेकवून तो चालत नाही.

वाटेत एका ठिकाणी ट्रॅकरनं अर्धवट खाल्लेला वेल उचलून माझ्या हातात दिला. जाडसर, गुळगुळीत, रसाळ पान. मी ते बोटांत चुरलं आणि मला आधी कळेना की हा बुळबुळीत स्पर्श इतका ओळखीचा का वाटतोय. मग कळलं. मयाळू! माझ्या आजीच्या परसात कुंपणावर चढलेला, ज्याची पानं बेसनात बुडवून ती पावसाळ्यात भजी तळायची, तोच मयाळू. ब्विंडीच्या गोरिलांच्या रोजच्या खाण्यात तो आहे. थोडं पुढं आणखी एक वेल होता, आपल्या कर्टोल्याच्या जातकुळीतला. आणि सावलीत सगळीकडे माजलेलं ते उंच झुडूप कारवीच्या कुळातलं. तेही कारवीसारखंच कित्येक वर्षं नुसतं वाढतं, मग एकदम फुलतं आणि मरून जातं. आजीला मी हे सांगू शकले नाही, ती तेव्हा नव्हती. पण मला त्या जंगलात एकदम परकेपणा वाटेनासा झाला. जिथं आपल्या परसातली भाजी उगवते तिथं आपण पाहुणे असतो, घुसखोर नसतो, असं काहीसं वाटलं. (पुढं जे कळलं, त्यानं हे वाटणं इतकं सोपं राहिलं नाही.)

दोन तास चालल्यावर ट्रॅकरनं घसा खाकरल्यासारखा एक खोल, लांब आवाज काढला. झाडीतून तसाच आवाज परत आला. गोरिलांच्या भाषेत त्याचा अर्थ साधारण 'मी इथं आहे, सगळं ठीक आहे' असा. आम्ही काठ्या आणि पाठपिशव्या खाली ठेवल्या आणि तोंडावर मुखपट्ट्या चढवल्या.

त्या एका तासाबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. रुपेरी पाठीचा नर आमच्याकडे पाठ करून बसला होता. काटेरी देठ तो हातानं उभा चिरायचा, आतला गर चावायचा, साल टाकायचा. त्याच्या अंगाला उग्र, घामाचा, थोडा जळका वास होता आणि तो त्याच्या आधी आमच्यापर्यंत पोचला होता. एकदा त्यानं मान वळवली, आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खायला लागला. एक पिल्लू वेलीला लोंबकळून पडलं, उठलं, पुन्हा चढलं. एका मादीनं त्याला न बघताच हात लांब करून मागं ओढलं. ट्रॅकर त्यांना नाकावरून ओळखत होते. नाकपुड्यांच्या वरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. साठ मिनिटं झाली आणि आम्ही उठलो.

मला हादरवून गेलं ते त्याचं आमच्याकडे दुर्लक्ष करणं. दीडशे किलोच्या वरचा नर, ज्याच्या जगात माणूस म्हणजे भाला आणि फास, तो आठ अनोळखी माणसांकडे पाठ करून जेवतो. हा विश्वास आला कुठून?

त्याचं उत्तर ट्रॅकरांच्या आयुष्यात आहे. एखादं रानटी कुटुंब माणसाला सरावायला डोंगरात दोन-तीन वर्षं लागतात. रोज तीच चार-पाच माणसं जातात. पहिले काही महिने गोरिला पळतात. मग नर किंचाळत अंगावर धावून येतो. त्या वेळी पळायचं नसतं. वाकायचं, नजर खाली ठेवायची, पानं तोडून खाल्ल्यासारखं करायचं, आणि तिथंच थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. १९५९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेलर विरुंगात आले तेव्हा त्यांनी लपून बघणं सोडून दिलं होतं. एकट्यानं, बंदुकीशिवाय, गोरिलांना दिसेल अशा जागी जाऊन बसायचं, ही त्यांची रीत. लपलेल्या माणसावर गोरिला विश्वास का ठेवील? त्यांच्यानंतर १९६७ मध्ये डायन फॉसी यांनी रवांडात करिसोके इथं तळ टाकला आणि तीच रीत वर्षानुवर्षं चालवली. पण मला राहून राहून वाटतं, या कामाचा खरा इतिहास ज्यांनी रोज सकाळी उठून तो हल्ला अंगावर घेतला त्या स्थानिक माणसांचा आहे, आणि तो फारसा लिहिला गेला नाही.

हा विश्वास गोरिलाला महागही पडू शकतो. १९९६ मध्ये ब्विंडीतल्या एका कुटुंबाला खरूज झाली. अंगावरचे केस गळाले, एक पिल्लू मेलं. तेव्हा युगांडाच्या वन्यजीव विभागात नव्यानं रुजू झालेल्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी त्यांच्यावर उपचार केले. रोग माणसांकडून आला होता. जंगलाबाहेरच्या शेतांत केळी खायला उतरलेले गोरिला बुजगावण्यांच्या अंगावरच्या मळक्या कपड्यांना शिवले असावेत, असा अंदाज होता. मी कोकणात भातखाचरात उभी असलेली बुजगावणी लहानपणापासून बघत आले आहे. त्यांच्या फाटक्या सदऱ्यातून असं काही पसरू शकतं हे मनात कधी आलं नव्हतं. पुढं कालेमा-झिकुसोका यांनी जंगलाकाठच्या गावांतल्या माणसांच्या आरोग्यापासूनच काम सुरू केलं. त्या बाईंबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. गोरिला निरोगी राहायचा तर शेजारच्या घरातलं मूल निरोगी हवं, इतकी साधी गोष्ट, पण ती धरून त्या वर्षानुवर्षं राबत राहिल्या.

जून २०२० मध्ये ब्विंडीत न्कुरिंगो या गोरिला कुटुंबाचा प्रमुख नर रफिकी भाल्यानं मारला गेला. लहान जनावरांच्या शिकारीला आत शिरलेल्या माणसानं भाला मारला होता. करोनामुळे पर्यटन थांबलं होतं, जंगलाकाठची कमाई आटली होती. त्या माणसाला अकरा वर्षांची शिक्षा झाली. मी बातमी वाचली तेव्हा रफिकीला मी कधी पाहिलं नव्हतं, पण पाठ करून जेवणारा तो दुसरा नर डोळ्यांसमोर आला आणि दिवसभर कामात मन लागलं नाही.

आणि बाट्वा. ब्विंडी हे त्यांचं घर होतं. शिकार, मध, कंद यांवर जगणारी माणसं. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. बहुतेकांच्या वाट्याला जमीनही आली नाही. आज ते जंगलाच्या कडेला दुसऱ्यांच्या शेतांत मजुरी करतात. एका म्हाताऱ्या बाट्वा गृहस्थांनी आम्हाला जंगलाबाहेरच्या झाडीत आग कशी पेटवायची, मधमाश्यांचं पोळं कसं शोधायचं ते दाखवलं. त्यांचे हात अजून पटापट चालत होते. मयाळूचं पान हातात घेऊन मला जो आपलेपणा वाटला होता, तो इथं अवघडला. मी परवान्याचे पैसे भरून आत जाऊन आले होते, आणि ज्यांच्या आजीनं याच जंगलातली भाजी खुडली ते कुंपणाबाहेर उभे होते. मेळघाटातून उठवलेल्या गावांतही मी हे पाहिलं आहे. गोरिलांचा आकडा वाढला याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो आनंद सांगताना बाट्वांना वगळणं मला जमणार नाही.

चार वर्षांनी मी दुसऱ्या गोरिलांकडे गेले. पश्चिमेच्या सखल जंगलातले. हे संख्येनं पुष्कळ, तीन लाखांच्या वर असा २०१८ चा अंदाज, पण झपाट्यानं घटणारे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या पार दक्षिणेच्या टोकात डझांगा-सांगाचं रान आहे. कॅमेरूनच्या बाजूनं लाकडाच्या ट्रकांनी उखणलेला लाल रस्ता, मग सांगा नदीतून होडी, मग बायांगा गाव, आणि तिथून आत बाई होकू नावाचा तळ. 'बाई' म्हणजे तिथल्या भाषेत जंगलातली मोकळी, दलदलीची जागा. माझ्या मराठी कानाला हा शब्द फार गोड वाटला.

इथं ब्विंडीतलं शिकलेलं काहीच उपयोगी पडलं नाही. जमीन सपाट, हवा ओल्या फडक्यासारखी. कुठं अंधारं उंच रान, तर कुठं अरारूटच्या कुळातल्या रुंद पानांचं, डोक्यापर्यंत आलेलं दाट गचपण, आपल्या कर्दळीसारखं. घाम चाटायला बारीक, डंख नसलेल्या माश्या येतात आणि डोळ्यांच्या कडांवर बसतात. इथले गोरिला फळं शोधत हिंडतात. दिवसाला दोन किलोमीटर, फळांच्या दिवसांत त्याहूनही जास्त. सुक्या पाचोळ्यावर पायाचा ठसा उमटत नाही. आणि बिछाने? कित्येकदा ते करतच नाहीत, नुसते भुईवर आडवे होतात. डोंगरात मी ज्या कालच्या बिछान्यापासून सुरुवात करायला शिकले, तो इथं मुळी नव्हताच.

आमच्यापुढं बाआका या तिथल्या आदिवासी जमातीतले दोन ट्रॅकर होते. एक साठीकडे झुकलेला, दुसरा तिशीतला. चुलता-पुतण्या. त्यांना मी फ्रेंच येणाऱ्या वाटाड्यामार्फत प्रश्न विचारायचे आणि बरेचदा त्यांची उत्तरं बोटानंच यायची. म्हातारा चालताना थांबायचा. मला दिसायचा फक्त पाचोळा. त्याला दिसायचं एक पान, ज्याची ओली बाजू वर आली होती. मग एक वारूळ, ज्याचा कोपरा फोडून कुणीतरी वाळवी खाल्ली होती. मग विष्ठा, आणि तिच्यात बिया. ती त्यानं काडीनं उकलली, बी ओळखलं, आणि आपण चाललो होतो ती दिशा सोडून तो डावीकडे वळला. ते फळ ज्या झाडाला लागतं, ते झाड कुठं आहे हे त्याला माहीत होतं. आता गोरिला कुठं गेला हे शोधायचं नव्हतं, त्याला कुठं जावंसं वाटेल हे ओळखायचं होतं.

मधेच तो हात वर करायचा आणि आम्ही गोठायचो. हत्ती. सखल जंगलात हत्तीच्या वाटेवरूनच चालावं लागतं, आणि पाच मीटरवरचा हत्ती दिसत नाही, फक्त त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू येते. पुतण्यानं एकदा मला दंडाला धरून झाडाच्या बुंध्यामागं ओढलं. कुणी काही बोललं नाही. मोठं काहीतरी सावकाश बाजूनं गेलं.

पहिल्या दिवशी गोरिला भेटले नाहीत. सात तास चाललो, गुडघाभर पाण्याचे चार ओढे ओलांडले, संध्याकाळी परत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हातारा मात्र रात्री शेकोटीशी गप्प बसला होता. पुतण्यानं त्याच्याशी हळू आवाजात बराच वेळ काही बोलणं केलं, हातवारे करत, जणू दिवसभराची वाट पुन्हा चालत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला म्हाताऱ्यानं जीभ टाळूला लावून आवाज काढायला सुरुवात केली. टक्, टक्, टक्. चालताना दर काही पावलांनी. ही त्यांची गोरिलांना दिलेली ओळख आहे. आम्ही येतोय, तेच आम्ही, रोजचे. दाट पानांत अचानक समोरासमोर आलं तर नर घाबरून हल्ला करील, म्हणून आधीच सांगायचं. इथल्या गोरिलांना सरावायला पाच-पाच वर्षं आणि त्याहूनही जास्त लागतात. एक तर दाट झाडीत ते माणसाला नीट बघूच शकत नाहीत, आणि इतके हिंडतात की रोज सापडतही नाहीत. बाई होकूला हे काम १९९७ मध्ये सुरू झालं. किती सकाळी, किती टक्-टक्, याचा हिशोब कुणाकडे असेल?

आधी दिसला एक हात. पानांतून बाहेर आलेला, काळा, जाड बोटांचा. त्यानं फांदी खाली ओढली आणि ती परत वर उसळली. मग तांबूस कपाळ. पश्चिमेच्या गोरिलांच्या डोक्यावर तांबूस झाक असते आणि रुपेरी रंग पाठीवरून मांड्यांपर्यंत उतरतो. तो उठला, ओढ्यात उतरला, आणि कमरेएवढ्या पाण्यात बसून पाणवनस्पतींची मुळं उपटून, झटकून, धुऊन खायला लागला. सूर्याचा एक पट्टा त्याच्या खांद्यावर पडला होता. मागं झाडीत कुणीतरी छातीवर ओंजळीच्या तळव्यांनी ठोका दिला. पोक-पोक-पोक. लहान नर असावा, आवाज हलका होता. पाण्यातल्यानं लक्ष दिलं नाही. मी श्वास मुखपट्टीत धरून उभी होते, चष्मा धुकाळलेला, आणि डोळ्यांत पाणी का येतंय हे मला कळत होतं, पण शब्दांत मांडता येत नव्हतं.

तळावरच्या संशोधक मुलीनं संध्याकाळी इबोलाबद्दल सांगितलं. काँगो प्रजासत्ताकाच्या बाजूला, ओडझाला राष्ट्रीय उद्यानाच्या नैर्ऋत्येला लोसीचं रान आहे. तिथं बरीच वर्षं खपून माणसाला सरावलेली कुटुंबं २००२-०३ च्या साथीत जवळजवळ संपूर्ण गेली. त्या परिसरात मिळून सुमारे ५,००० गोरिला मेले असा अंदाज आहे. माग काढणारी माणसं नेहमीसारखी सकाळी गेली असतील. ओलं पान उलटं दिसलं नसेल. फोडलेलं वारूळ दिसलं नसेल. त्यांनी किती दिवस शोधलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तास संपल्यावर वाटाड्या आणि मी परत निघालो. चुलता-पुतण्या मात्र थांबले. गोरिला संध्याकाळी जिथं झोपतील तिथंवर त्यांच्या मागं राहायचं, म्हणजे उद्या सकाळी तिथून सुरुवात करता येते. बिछाना नसला तरी जागा माहीत हवी. आम्ही पहिला ओढा ओलांडला तेव्हाही तो आवाज मागून येत होता, मधेच थांबत, पुन्हा थोडा उजवीकडून. टक्, टक्. दुसऱ्या ओढ्याच्या पाण्यात तो बुडाला. मी पलीकडच्या काठावर थांबून ऐकलं, पण आता फक्त माश्यांची गुणगुण होती.